एका पेटीतली दोन आयुष्ये

महागडा रिसीव्हर घेतलेला मालक दोन वर्षांनी भेटला की आवाजाबद्दल भरभरून बोलतो. कुठल्या चित्रपटात पाऊस डोक्यावर पडल्यासारखा वाटला, जुनी गाणी दोनच स्पीकरवर किती मोकळी ऐकू आली, हे सगळं तो हातवारे करून सांगतो. तक्रारी सुरू झाल्या की विषय पालटतो. टीव्ही लावला तर रिसीव्हर जागा होत नाही, मधेच चित्र जातं, मुलाने नवा गेमिंग कन्सोल आणला आणि पडदा काळा. ॲम्प्लिफायरबद्दल तक्रार क्वचितच. साइटवर जाणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने हे ऐकलेलं आहे, तरी त्यातून निघणारी गोष्ट आपण गिऱ्हाइकाला विक्रीच्या वेळी सांगत नाही. या पेटीत दोन वेगवेगळी यंत्रं आहेत आणि त्यांची आयुष्यं सारखी नाहीत.

ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, आउटपुट ट्रान्झिस्टर हे एक यंत्र. त्याचं तंत्र कित्येक दशकांपूर्वी पक्कं झालं. हवा खेळती ठेवली तर ते पंधरा-वीस वर्षं सहज चालतं. दुसरं यंत्र म्हणजे एचडीएमआय बोर्ड, डीएसपी आणि नेटवर्क. हे कॉम्प्युटरच्या जातीचं आहे आणि कॉम्प्युटरच्याच वेगाने जुनं होतं. २००९ च्या एचडीएमआय १.४ मधून सेकंदाला १०.२ गिगाबिट जात, २०१३ च्या २.० मधून १८, २०१७ च्या २.१ मधून ४८. जानेवारी २०२५ मध्ये ९६ गिगाबिटच्या २.२ ची घोषणाही झाली. घरगुती ॲटमॉस आलं ते २०१४ मध्ये. म्हणजे २०१३ साली कुणी लाखभर रुपये मोजून रिसीव्हर घेतला असेल, तर त्याचा ॲम्प आजही ठणठणीत असेल. पण एचडीसीपी २.२ नसल्यामुळे फोर-के प्लेअरचं चित्र त्यातून फोर-केमध्ये पुढे जाणार नाही. त्याला ही फसवणूक वाटते, आणि कुणी आधी सांगितलंच नसेल तर तसं वाटणं रास्त आहे.

२०२० चं प्रकरण या बाबतीत फार बोलकं आहे. त्या वर्षी डेनॉन, मरांट्झ आणि यामाहा यांचे एट-के म्हणून विकले जाणारे रिसीव्हर बाजारात आले. ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या ‘सी-टी’ या मासिकाने दोष उघड केला: एक्सबॉक्स सिरीज एक्स किंवा एनव्हिडियाचं ३० मालिकेतलं ग्राफिक्स कार्ड या रिसीव्हरमधून जोडलं आणि फोर-के, १२० हर्ट्झ, एचडीआर असा सिग्नल दिला, की पडदा काळा. दोष एचडीएमआयच्या चिपमध्ये होता आणि वेगवेगळ्या ब्रँडनी तीच चिप वापरली होती. सॉफ्टवेअर अपडेटने तो जाणारा नव्हता. पुढच्या वर्षी डेनॉन-मरांट्झच्या मूळ कंपनीने मालकांना एसपीके६१८ नावाची छोटी पेटी मोफत देऊ केली. ती कन्सोल आणि रिसीव्हर यांच्यामध्ये बसते. यामाहाने बोर्डच बदलून द्यायचं ठरवलं.

यात आपल्याला शिकण्यासारखं जे आहे ते वायरिंगचं आहे. कन्सोल थेट टीव्हीला जोडून आवाज ई-आर्कवरून रिसीव्हरकडे परत आणला, की ही अडचण टळत होती. ज्यांच्या भिंतीतून एचडीएमआयची एकच केबल, तीही बारीक कॉन्ड्युटमधून, गेली होती आणि वरून पीओपी आणि रंग झालेला होता, त्या मालकांना हा साधा उपायही करता आला नाही. चिप कंपनीची चुकली, पण भिंत आपण बंद केली. झिरी मारतानाच कनेक्टरसकट केबल सरकेल इतका रुंद पाइप टाका, त्यात ओढायची दोरी सोडून ठेवा आणि टीव्हीपर्यंत दोन केबल न्या. ऑप्टिकल एचडीएमआय टाकत असाल तर तिला दिशा असते हे सुताराच्या माणसालाही सांगा. उलटी गेलेली केबल फर्निचर बसल्यावर काढायची म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

दुसरा सल्ला पैशाचा. चार-पाच लाखांचं बजेट घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला सगळी रक्कम एकाच पेटीत घालायला लावू नका. प्री-आउट असलेला मधल्या श्रेणीतला रिसीव्हर आणि पुढच्या तीन चॅनलसाठी वेगळा पॉवर ॲम्प, अशी जोडी बऱ्याच घरांत जास्त वर्षं समाधान देते. पाच-सहा वर्षांनी रिसीव्हर बदलला तरी ॲम्प जागेवर राहतो. या जोडीत मार्जिन कदाचित कमी मिळेल, पण तेच गिऱ्हाईक पुढच्या वेळी आपल्याकडेच येतं. वॉटचा आकडाही नीट उलगडून सांगा. माहितीपत्रकातले १४० वॉट बहुधा दोनच चॅनल चालू ठेवून मोजलेले असतात. अकरा चॅनलना प्रत्येकी १४० म्हणजे १५४० वॉट बाहेर, आणि क्लास एबीची कार्यक्षमता पाहता आत खेचायचे त्याहून कितीतरी जास्त. पेटीच्या पाठीवर छापलेला वीजवापराचा आकडा गिऱ्हाइकाला दाखवला, की हिशोब त्याचा त्यालाच कळतो.

आता उष्णता. ओंकियोच्या २००९ ते २०१२ मधल्या अनेक मॉडेलांचे बोर्ड आवाज किंवा नेटवर्क बंद पडून निकामी होऊ लागले, तेव्हा कंपनीला मोफत दुरुस्तीची मुदत २०१८ अखेरपर्यंत वाढवावी लागली. तिथे मूळ रचनेतच कमकुवतपणा होता. आपल्याकडे मात्र चांगल्या रचनेचे सेटही आपण फर्निचरमध्ये भाजून काढतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, हे या क्षेत्रातला प्रत्येक माणूस जाणतो. तरीही विदर्भातल्या मे महिन्यात, सागवानी युनिटमध्ये, काचेच्या दाराआड, वर सेट-टॉप बॉक्स ठेवलेला रिसीव्हर दिसतोच.

असा एक सेट दुरुस्तीच्या टेबलावर उघडला होता. वरचं झाकण काढल्यावर हीटसिंकच्या पात्यांमध्ये लोकरीसारखी धूळ बसलेली, पॉवर सप्लायच्या कोपऱ्यात पालीची दोन अंडी, आणि एचडीएमआय बोर्डाखालचं पीसीबी तपकिरी पडलेलं. मालकाची तक्रार इतकीच होती की मध्यंतराच्या सुमारास सेट प्रोटेक्शनला जातो. त्यांनी सेट घेतल्यापासून त्या युनिटचं दार एकदाही उघडं ठेवलेलं नव्हतं, कारण तसं कुणी सांगितलंच नव्हतं. सुताराच्या ड्रॉइंगवर रिसीव्हरच्या डोक्यावर किमान वीतभर मोकळी जागा आणि युनिटची मागची बाजू उघडी, एवढं लिहून सही करायला आपल्याला किती वेळ लागतो?

आवाजाची जी एकच तक्रार वारंवार येते ती म्हणजे ‘डायलॉग ऐकू येत नाहीत’. त्यावर नवा सेंटर स्पीकर विकण्याआधी खोली बघा. व्हिट्रिफाइड टाइल, सरकत्या काचा, उघडी आरसीसी भिंत. अशा खोलीत शब्द घुमणारच. जाड गालिचा आणि भरदार पडदे यांनी जे होतं ते कुठल्याही अपडेटने होत नाही. सेंटर स्पीकर कप्प्यात आत ढकललेला असेल तर तो कडेपर्यंत पुढे ओढा. कॅलिब्रेशन करताना माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ट्रायपॉडवर ठेवा. पंखा-एसी बंद करा आणि कुकर उतरल्यावरच सुरुवात करा. ऑडिसीत आठ जागी माप घेता येत असेल तर तिसऱ्या मापावर उरकू नका. मापानंतर मोठे स्पीकर ‘लार्ज’ दाखवले गेले असतील तर ते ‘स्मॉल’ करून ८० हर्ट्झवर आणा. सबवूफरचं अंतर मात्र खऱ्या अंतरापेक्षा जास्त दिसलं तरी टेप लावून दुरुस्त करू नका. सबच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे होणारा उशीर रिसीव्हरने त्या आकड्यात धरलेला असतो. उत्साही मालक पुढच्या रविवारी नेमका हाच आकडा बदलतात आणि बास गेला म्हणून फोन करतात.

विजेबद्दल थोडक्यात. वळवाच्या पावसात पोर्ट उडतात ते बहुतेकदा डिशच्या किंवा लॅनच्या केबलवाटे. प्लग काढायला मालक शिकलेले असतात. या दोन केबल काढायलाही शिकवा. अर्थिंग मोजल्याशिवाय सेट चालू करून देऊ नका, मग इमारत कितीही नवी असो.

आणि घरातल्या बाकीच्यांचं काय? हौस एकाची असते, पण सेट सगळे वापरतात. आजीला संध्याकाळच्या बातम्या रिसीव्हर बंद असतानाही टीव्हीच्या स्पीकरवर लागल्या पाहिजेत. ती व्यवस्था करून, तिच्या हातून दोनदा करून घेतल्याशिवाय काम पूर्ण झालं असं आम्ही मानत नाही. अशा सेटचा खोक्यात परत जाण्याचा प्रवास पुष्कळदा बाकीच्यांना टीव्ही लावता न येण्यातूनच सुरू होतो.

या अंकाच्या शेवटच्या पानावर हस्तांतरणाचा एक नमुना छापला आहे. त्यात कॅलिब्रेशनची मूळ मापं, कुठली केबल कुठून गेली त्याचं रेखाटन, पोर्टची एचडीएमआय आवृत्ती, हवेसाठी सोडलेली जागा, अर्थिंगचं माप आणि तीन आठवड्यांनी परत येण्याची तारीख अशा जागा आहेत. पहिल्या ओळीत मालकाला सांगायचं वाक्य छापलेलं आहे: यातला ॲम्प पंधरा वर्षं चालावा, चित्राचा भाग पाच-सहा वर्षांत मागे पडेल. ते वाचून दाखवा आणि खाली सही घ्या. वर्षभराने त्याच घरी जाऊन दुसरी बाजू भरा, आणि मालकाचं नाव-पत्ता वगळून आमच्याकडे पाठवा: मॉडेल, वर्ष, काय बिघडलं, कशामुळे. आलेली माहिती दिवाळी अंकापासून मॉडेलवार देऊ.