पहाटे चारचा बॅकअप कुठे गेला?

वसईतल्या सांडोर गावातल्या काही शाळकरी पोरांनी घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर उबुंटू लिनक्स टाकून माइनक्राफ्टचा सर्व्हर उभा केला आहे. या खेळात एक ठोकळा म्हणजे एक मीटर, म्हणून त्यांनी वसईचा किल्ला खऱ्या मापात बांधायला घेतला. दर्या दरवाजा झाला, तटाची एक बाजू झाली, संत जोसेफच्या चर्चचा मनोरा वर चढत होता. मस्कतला राहणारा एकाचा मामेभाऊसुद्धा तिकडून येऊन दगड रचायचा. रोज पहाटे चारला साऱ्या वर्ल्डचा बॅकअप व्हावा, अशी एक ओळ त्यांनी क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, लिहून ठेवली होती. मग एका दुपारी वीज गेली, मशीन खाडकन बंद पडलं आणि वर्ल्डच्या फायली बिघडल्या. बॅकअपचा फोल्डर उघडला, तर तो रिकामा. ओळ बरोबर दिसत होती. तीच ओळ टर्मिनलमध्ये चिकटवली तर बॅकअप निमूट तयार होत होता.

‘हाताने चालवलं की चालतं, क्रॉनमधून चालत नाही’ ही तक्रार लिनक्सवर काम करणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी केलेली असते. आज तिच्याविषयी सविस्तर लिहितो. खेळाच्या सर्व्हरवर एवढं लिहायचं का, असं ज्यांना वाटेल त्यांना आधीच सांगतो: त्या पोरांनी किल्ल्यात जाऊन भिंती मोजल्या होत्या, कागदावर नकाशे काढले होते. ते काम होतं आणि ते गेलं. हळहळ करावी असंच ते नुकसान आहे.

मोठ्यांचंही असंच जातं. १० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळालं. ‘रस्ट’ या खेळाचे युरोपातले पंचवीस सर्व्हर त्यात गेले, आणि त्यांचा डेटा परत आणता येणार नाही, हे खेळाच्या कंपनीला जाहीर करावं लागलं. त्याआधी ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका इंजिनीअरने थकलेल्या अवस्थेत, रात्री उशिरा, चुकीच्या मशीनवरचा डेटाबेस पुसला. बॅकअप शोधायला गेले तेव्हा कळलं की रोजचा ठरलेला बॅकअप होतच नव्हता. पोस्टग्रेसचा डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारी आज्ञा ९.२ ची, त्यामुळे ती रोज अपयशी ठरत होती. क्रॉन तसं कळवणारी ईमेल पाठवतही होता, पण त्या ईमेल पडताळणीत नापास होऊन वाटेतच नाकारल्या जात होत्या. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. कंपनीने हे सगळं दडवलं नाही, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. त्या प्रामाणिकपणाबद्दल मला आजही आदर आहे.

आता आपल्या पोरांच्या ओळीकडे येऊ. प्रत्येक बॅकअपच्या नावात तारीख यावी म्हणून त्यांनी तारखेच्या आज्ञेत टक्क्याचं चिन्ह वापरलं होतं. टर्मिनलमध्ये ते चालतं. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या ओळी जिथे लिहितात त्या फाइलमध्ये, मात्र टक्क्याचा अर्थ वेगळा आहे: पहिला टक्का आला की आज्ञा तिथेच संपली असं क्रॉन धरतो आणि पुढचा मजकूर त्या आज्ञेला इनपुट म्हणून देतो. म्हणजे रोज पहाटे चारला अर्धी तुटलेली आज्ञा चालत होती, कंस बंद झालेला नाही म्हणून शेल, म्हणजे आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, तिथल्या तिथे थांबत होता. टक्क्यापूर्वी एक उलटी तिरकी रेघ दिली असती तर भागलं असतं. त्याहून चांगलं म्हणजे सगळी कामं एका स्क्रिप्टमध्ये लिहायची आणि क्रॉनटॅबमध्ये फक्त त्या स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता द्यायचा.

मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते हे की पुरावा रोज लिहिला जात होता. उबुंटूच्या सिसलॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, पहाटे चारची नोंद होती, आज्ञा कुठे तुटली तेही त्या नोंदीत दिसत होतं, आणि खाली क्रॉनने नेमकं लिहिलं होतं की मेल पाठवणारा प्रोग्रॅम या मशीनवर नाही म्हणून आलेला मजकूर टाकून देत आहे. शेल काय तक्रार करत होता, ते त्या टाकून दिलेल्या मजकुरात होतं. पोरं मात्र वेळ बदलून बघत होती: चारचे पाच केले, पाचचे सहा केले. ही सवय मी मोठ्या कंपन्यांतल्या माणसांतही पाहिली आहे. आधी लॉग वाचा, मग ओळीला हात लावा. काम सुरूच झालं नाही, की सुरू होऊन मधेच मेलं, एवढं कळलं तरी शोध निम्म्यावर येतो. नोंदच नसेल तर वेळ, क्रॉनची सेवा, फाइलचं नाव आणि परवानगी बघायची. नोंद असेल तर स्क्रिप्टमध्ये शिरायचं.

क्रॉन जुना आहे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये तो होता, आणि आज बहुतेक लिनक्सवर चालणाऱ्या क्रॉनचं मूळ पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या क्रॉनमध्ये आहे. तो काम सुरू करतो तेव्हा तुमचं टर्मिनल तिथे नसतं. तुमच्या लॉगिनच्या फायली वाचल्या जात नाहीत, शेल बॅश नसून साधा एसएच असतो, आणि प्रोग्रॅम शोधायची वाट, म्हणजे पाथ, डेबियन-उबुंटूवर फक्त दोन फोल्डरांची असते. सर्व्हरला बाहेरून हुकूम देणारा एमसीआरकॉन बहुतेक जण ‘लोकल’च्या बिन फोल्डरमध्ये ठेवतात. तो त्या दोहोंत येत नाही. जावा वेगळ्या ठिकाणी टाकलं असेल तर तेही सापडत नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमचा आणि प्रत्येक फोल्डरचा पत्ता मुळापासून पूर्ण लिहावा, किंवा क्रॉनटॅबच्या डोक्यावर पाथची ओळ द्यावी. चाचणीही रिकाम्या वातावरणातच करावी. ‘एन्व्ह हायफन आय’ लावून एसएच सुरू केलं की पहाटे चारला जे होणार आहे ते भरदुपारी डोळ्यांसमोर होतं.

खेळाच्या सर्व्हरवर आणखी एक भानगड असते ती मालकीची. सर्व्हर ‘माइनक्राफ्ट’ नावाच्या युजरखाली स्क्रीनमध्ये किंवा टीमक्समध्ये चालतो आणि बॅकअपची ओळ रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य युजरच्या, क्रॉनटॅबमध्ये असते. रूट सर्वशक्तिमान आहे, सगळं जमेल, असा समज असतो. पण स्क्रीनची सत्रं ज्याची त्याची वेगळी असतात. रूटने ‘सेव्ह कर’ म्हणून हाक मारली तर समोर सत्रच नसतं. ज्याचा सर्व्हर, त्याच युजरच्या क्रॉनटॅबमध्ये ओळ असावी. शिवाय ईटीसीमधल्या सार्वजनिक क्रॉनटॅबमध्ये वेळेनंतर युजरचं नाव लिहावं लागतं, आपल्या खासगी क्रॉनटॅबमध्ये लिहायचं नसतं. एकीकडची ओळ दुसरीकडे चिकटवली की काम बिघडतं.

फाइलच्या नावातलं टिंबही असाच घात करतं. क्रॉन डॉट डेली या फोल्डरमध्ये ‘बॅकअप डॉट एसएच’ टाकलं तर डेबियन-उबुंटूवर ते कधीच चालत नाही, कारण तिथला रन-पार्ट्स नावात टिंब असलेल्या फायली सरळ वगळतो. लॉगमध्येही त्याची तक्रार नसते. विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहून आणलेल्या स्क्रिप्टमध्ये ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह राहतं, त्याने बॅशच सापडत नाही. आणि क्रॉनटॅब बदलताना ‘ई’ ऐवजी शेजारचं ‘आर’ दाबलं गेलं तर सगळ्या ओळी न विचारता पुसल्या जातात. क्रॉनटॅबची एक प्रत वेगळ्या फाइलमध्ये ठेवाच.

वेळेबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण आपल्याकडे हा गोंधळ जुना आहे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईने आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही, आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. रेल्वे प्रमाणवेळेवर आणि शहरातली घड्याळं मुंबईच्या वेळेवर, असे ते दिवस होते. वसईहून गाडीने मुंबईत उतरणाऱ्याला कुणाची वेळ कोणती, हे विचारूनच भेट ठरवावी लागत असणार. आज भाड्याने घेतलेला सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतो. त्यावर लिहिलेले पहाटेचे चार म्हणजे आपल्याकडचे सकाळचे साडेनऊ. ती ओळ रीस्टार्टची असेल, तर सुट्टीच्या दिवशी सगळे खेळत असताना सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होतो आणि पोरांना वाटतं हॅकिंग झालं. मशीनचा टाइम झोन बदलला तर क्रॉनही रीस्टार्ट करावा लागतो, नाहीतर तो जुन्याच वेळेवर चालत राहतो. मशीन जर्मनीत असून तिथल्या स्थानिक वेळेवर लावलं असेल, तर मार्चच्या शेवटच्या रविवारी रात्री दोन ते तीन हा तासच नसतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो दोनदा येतो. माझं मत स्पष्ट आहे: भाड्याचा सर्व्हर यूटीसीवरच ठेवा आणि क्रॉनच्या ओळीवर आपली वेळ टिपणी म्हणून लिहा.

घरातल्या मशीनचा प्रश्न वेगळा. वसईत पावसाळ्यात वीज जाणं नवं नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं तेव्हा वीजही गेली आणि विरारच्या गाड्याही थांबल्या. पहाटे चारला मशीन बंद असेल तर क्रॉन ते काम नंतर करत नाही, दुसऱ्या दिवशीच्या चारची वाट बघतो. लिनक्समधल्याच सिस्टमडीच्या टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ चालू केलं तर चुकलेलं काम मशीन सुरू होताच होतं. आपल्या भागात घरी सर्व्हर ठेवणाऱ्याने क्रॉन सोडून हा टायमर वापरावा, असं मी ठामपणे सांगेन. त्याचा लॉगही प्रत्येक कामाचा वेगळा वाचता येतो. आणि एक छोटा यूपीएस घ्यावा.

माइनक्राफ्टपुरतं एक धोक्याचं सांगायला हवं. चालू वर्ल्डची प्रत काढताना फायली मधेच बदलू नयेत म्हणून आधी सेव्ह-ऑफ द्यायचं, मग सेव्ह-ऑल फ्लश, मग प्रत, आणि शेवटी सेव्ह-ऑन. प्रत काढताना डिस्क भरली आणि स्क्रिप्ट मधेच मेली, तर सेव्ह-ऑन कधी दिलंच जात नाही. त्यानंतर खेळाडू दिवसभर बांधतात आणि डिस्कवर त्यातलं आपोआप काहीच लिहिलं जात नाही. बॅकअपनेच घात केला असं होतं. म्हणून स्क्रिप्टमध्ये ‘ट्रॅप’ लावून, काहीही झालं तरी शेवटी सेव्ह-ऑन गेलंच पाहिजे, अशी तजवीज करावी. जुने बॅकअप पुसायची ओळही त्याच स्क्रिप्टमध्ये असावी, आणि आधीचा बॅकअप अजून संपला नसेल तर दुसरा सुरू होऊ नये म्हणून ‘एफलॉक’ही.

हे सगळं नीट केलं तरी उद्या दुसरं काही मोडेल. नवी आवृत्ती येईल, पासवर्ड बदलेल, डिस्क भरेल. चर्चची घंटा एखाद्या दुपारी वाजली नाही तर सारं सांडोर लगेच विचारतं, काय झालं? सर्व्हरच्या बाबतीत असं विचारणारं कुणीतरी नेमावं लागतं. ‘काम बिघडलं तर कळव’ एवढ्यावर भागत नाही, कारण कळवणाराच मेलेला असू शकतो, गिटलॅबमध्ये झालं तसं. उलटी व्यवस्था हवी: काम यशस्वी झालं की स्क्रिप्टने दुसऱ्या एखाद्या मशीनला निरोप द्यायचा, आणि ठरलेल्या वेळेत निरोप आला नाही तर त्या दुसऱ्या मशीनने ओरडायचं. पोरांच्या सर्व्हरसाठी टेलिग्रामच्या ग्रुपवर रोज सकाळी एक ओळ पुरते: बॅकअप झाला, आकार इतका. ती ओळ आली नाही, किंवा आकार अचानक घटला, की कुणीतरी विचारेल. स्क्रिप्टचा सगळा मजकूर, चुकांसकट, एका लॉग फाइलमध्ये वळवण्याचं काम तर आजच होण्यासारखं आहे. आणि तो मजकूर डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, फेकायचा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नका.

तुमच्या घरात असा सर्व्हर चालत असेल तर या रविवारी मुलांना घेऊन बसा. सर्वांत ताजा बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये उघडा, दुसऱ्या पोर्टवर तो सर्व्हर सुरू करा आणि आत जाऊन बघा, काल बांधलेली भिंत जागेवर आहे का. जो बॅकअप उघडून पाहिलेला नाही, त्याला मी बॅकअप म्हणत नाही. वसईतल्या शाळांच्या आणि ज्युनियर कॉलेजांच्या कॉम्प्युटर शिक्षकांनाही माझी विनंती आहे: अडगळीत पडलेला एखादा जुना कॉम्प्युटर मुलांच्या ताब्यात द्या, त्यावर त्यांचा खेळाचा सर्व्हर चालू द्या, आणि बॅकअपची जबाबदारी त्यांच्यावर सोपवा. पुढे बँकेचा किंवा हॉस्पिटलचा सर्व्हर सांभाळणारी माणसं यांच्यातूनच येणार आहेत.