टब बदलू नका, उखडून टाका

वास्कोतल्या माझ्या फ्लॅटमध्ये बाथटब आहे. विकताना बिल्डरने तो कौतुकाने दाखवला. नळाला पाणी किती वेळ येतं, ते दाखवलं नाही. त्यामुळे आम्ही टबात कधी डुंबलो नाही, पाणी साठवत राहिलो. आता त्याचा मुलामा उडाला आहे, तळाला तांबूस डाग पडले आहेत आणि सल्लागारांना ऊत आला आहे.

पहिला म्हणतो, नवा लेप मारून घ्या. म्हणजे ॲसिडने टब खरवडायचा, टवके बुजवायचे, वर इपॉक्सी फवारायचं. हा लेप पुन्हा सुटला की आधी तो काढावा लागतो, हे तो बोलत नाही. अमेरिकेत 2000 ते 2011 या काळात टबांची डागडुजी करणारे किमान 13 कामगार जुना लेप काढायच्या द्रावणातल्या मिथिलीन क्लोराइडच्या वाफेने मेले. इथे तशाच कोंदट न्हाणीत कोणाचा तरी पोरगा तोंडाला रुमाल बांधून शिरणार आणि पात्रांव बाहेरून ‘लवकर आटप’ म्हणून ओरडणार.

दुसरा ॲक्रिलिकचं कवच सुचवतो. जुन्या टबात नवा टब, फोडाफोड नाही! कडेचं सिलिकॉन सुटलं की दोन्हींच्या मध्ये पाणी मुरतं. मग कुबट वास कुठून येतो ते हुंगत फिरा. किडक्या दाताला सोन्याची टोपी, दुसरं काय!

तिसरा थेट नवा टब घ्यायला सांगतो. टाइल्स फुटोत, वॉटरप्रूफिंग जावो, खालच्या शेजाऱ्याच्या छताला ओल येवो. हौसेला मोल नाही.

यांच्यापैकी एकानेही विचारलं नाही, की त्यात पाणी कुठलं भरणार? टब भरायला दीडशे-दोनशे लिटर लागतात. शहरात माणशी दिवसाला, स्वयंपाकापासून संडासापर्यंत सगळं धरून, 135 लिटरचा हिशेब असतो. वास्को धरून मुरगाव तालुक्याचं पाणी साळावली धरणातून येतं. त्या धरणात सांगे तालुक्यातलं कुर्डी बुडालं, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिथल्या घरांची जोती उघडी पडतात आणि उठवलेली माणसं आपल्या सोमेश्वराला भेटून येतात. त्यांनी घरदार सोडून दिलेल्या पाण्याचा आम्ही फेस करून तो गटारात सोडायचा आणि पाणी आटलं की टँकरवाल्याच्या दाढीला हात लावायचा!

2021 मध्ये गोवा सरकारने महिन्याला 16 हजार लिटरपर्यंतचं पाणीबिल माफ केलं, तेव्हा टाळ्या वाजल्या. नळच कोरडा असेल, तर बिल माफ होऊन कोणाचं भलं होतं?

तेव्हा वास्कोकरांनो, लेपवाल्याला नको, गवंड्याला बोलवा. टब उखडा. न्हाणीला नीट उतार काढून घ्या, खरखरीत फरशी घाला, म्हाताऱ्यांसाठी भिंतीला दांडी लावा, मोकळ्या कोपऱ्यात झाकणाचं पिंप ठेवा. मग बादली आणि तांब्या. एका टबाच्या पाण्यात अख्ख्या घराच्या आंघोळी होतात, आणि पाणी उरतं.