गाठ काढली, पुढे काय?

जबड्याच्या हाडात होणारी सिस्ट, म्हणजे पाण्याने किंवा पिवळट लगद्याने भरलेली पिशवी, सहसा दुखत नाही. त्यामुळे दाढ हलू लागली किंवा गाल फुगला की मगच माणूस दवाखान्याची पायरी चढतो. तोवर हाड आतून बरेच पोखरलेले असते.

या आजाराशी वैद्यकाची झुंज जुनी आहे. १८९२ मध्ये ब्रेस्लाउचे शल्यविशारद कार्ल पार्च यांनी पिशवीला तोंडाच्या बाजूने खिडकी पाडून ती हळूहळू आक्रसू देण्याची पद्धत मांडली. क्ष-किरणांचा शोध त्यानंतर, १८९५ मध्ये लागला. पण पार्च यांची खिडकी आजही पाडली जाते. १९५६ मध्ये डेन्मार्कच्या फिलिपसेन यांनी केराटोसिस्ट ही वेगळी जात ओळखली, आणि ती काढली तरी पुन्हा उगवते हे १९६३ मध्ये पिंडबोर्ग व हॅन्सन यांनी ठळकपणे दाखवले. हेच पिंडबोर्ग पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. फली मेहता यांच्यासोबत महाराष्ट्रातल्या गावांतून काम करत होते. १,०१,७६१ गावकऱ्यांच्या तोंडाची तपासणी करणारा त्यांचा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. विषय मुखकर्करोगाचा होता, पण रुग्ण येण्याची वाट न पाहता आपणच त्याच्या दारी जायचे, हा त्यातला धडा सिस्टलाही लागू आहे.

केराटोसिस्ट लबाड असते. ती हाडाच्या लांबीने पसरते, त्यामुळे सूज उशिरा दिसते. ओपीजीवर, म्हणजे पूर्ण जबड्याच्या क्ष-किरण चित्रावर, अक्कलदाढेमागे काळा डाग दिसतो. पण तसाच डाग अमेलोब्लास्टोमा या ट्यूमरचाही असू शकतो, आणि दोघांचे उपचार वेगळे. निकाल लागतो तो तुकडा तपासल्यावरच : सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे जेमतेम सहा-आठ थर, खाली ओळीत उभ्या पेशी, वर सुरकुतलेला पापुद्रा. हे अस्तर इतके नाजूक की खरवडताना फाटते. शेजारी बारीक पिलावळ राहून गेली, तर काही वर्षांनी गाठ परत येते. लहान वयात अशा अनेक गाठी दिसल्या, तर गॉर्लिन-गोल्ट्झ या आनुवंशिक आजाराची शंका घ्यावी लागते.

या बाबतीत अहिल्यानगर जिल्हा आता परावलंबी नाही. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले. त्याच सहकाराच्या बळावर लोणीत १९८४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आले आणि मागोमाग दंत महाविद्यालयही. संगमनेरजवळ घुलेवाडीलाही दंत महाविद्यालय आहे. निदान आणि शस्त्रक्रिया, दोन्ही जिल्ह्यातच होतात. घोडे अडते ते त्यानंतर.

केराटोसिस्टच्या रुग्णाची निदान पाच वर्षे, शक्यतो त्याहून अधिक काळ, दरवर्षी क्ष-किरण तपासणी व्हायला हवी. पण पाथर्डी-शेवगावकडचा ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतो, तो उन्हाळ्यातच परततो. टाके सुकले, दुखणे थांबले, की तारीख चुकलीच म्हणून समजा. आजाराचे वर्गीकरण २००५ मध्ये ट्यूमरात गेले आणि २०१७ मध्ये सिस्टमध्ये परतले. रुग्ण मात्र दोन्ही काळात तपासणीविनाच राहिला.

यावर उपाय खर्चिक नाही. काढलेली प्रत्येक गाठ, कितीही साधी वाटो, तपासणीला गेलीच पाहिजे. ओपीजी आणि रिपोर्ट रुग्णाच्या हाती द्यावेत. फेरतपासणीची तारीख गाळप हंगाम पाहून, मे-जूनमध्ये ठेवावी, नोंदवहीत लिहावी, आणि तिची आठवण करून देण्याचे काम आशाताईंकडे मोबदल्यासह सोपवावे. कारखान्यातून महाविद्यालये उभी करणाऱ्या जिल्ह्याला एवढी नोंदवही चालवणे जड नाही. दोन्ही दंत महाविद्यालयांनी आणि जिल्हा परिषदेने ती येत्या हंगामाआधी सुरू करावी.