विश्लेषण : ‘व्हेल माशाची उलटी’ म्हणतात, पण व्हेल मासा का नाही?

‘व्हेल माशाची उलटी जप्त’ हा मथळा पुणे, पिंपरी-चिंचवडच्या वाचकांना आता नवा राहिलेला नाही. समुद्र सह्याद्रीपलीकडे, पण अंबरग्रिसचे सौदे घाटावरही पकडले गेले आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हा व्यापार गुन्हा आहे. मात्र मथळ्यात दोन चुका आहेत. अंबरग्रिस स्पर्म व्हेलच्या आतड्यात, न पचलेल्या माकुळांच्या चोचींभोवती तयार होते आणि बहुधा विष्ठेवाटे बाहेर पडते. दुसरी चूक ‘मासा’ या शब्दाची.

मराठीतला ‘देवमासा’ हा शब्दही आकार पाहूनच पडलेला. पण गाडीची ओळख रंगावरून नव्हे, चासिस क्रमांकावरून पटते, हे चाकणकरांना वेगळे सांगायला नको. व्हेलला कल्ले नाहीत, फुप्फुसे आहेत. श्वासासाठी त्याला पृष्ठभागावर यावेच लागते. रक्त उष्ण असते. मादी पिल्लाला जन्म देते, दूध पाजते. कल्ल्याजवळच्या परासारखे दिसणारे पुढचे वल्हे उघडले, तर आत दंड, मनगट आणि बोटांची हाडे सापडतात. मासा शेपटी डावी-उजवीकडे हलवतो, व्हेल वर-खाली. धावणाऱ्या चौपायांचा कणा असाच वाकतो. स्वीडनच्या लिनियसने १७५८ मध्येच व्हेलला सस्तन प्राण्यांत बसवले. काश्मीरमधील जीवाश्मांवरून २००७ मध्ये अभ्यासला गेलेला ‘इंडोहायस’ हा छोटा, हरणासारखा खुरी प्राणी. त्याच्या कानाचे जाड हाड व्हेलशी जुळते. आजच्या प्राण्यांत व्हेलचा सर्वांत जवळचा नातेवाईक पाणघोडा आहे.

हा नुसता पुस्तकी वाद नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर व्हेलचे पिल्लू अडकले. मासा असता, तर काही वेळातच संपला असता. हे पिल्लू हवेत श्वास घेत राहिले, म्हणून ओले कापड, पाणी आणि सलाईनच्या आधारे त्याला वाचवण्याची धडपड करता आली. अशा वेळी अंगावर पाणी ओतायचे, पण डोक्यावरच्या नाकपुडीत थेंबही जाऊ द्यायचा नाही. मासा समजून मदत करणाऱ्याला हे सुचणारच नाही. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात एवढे तरी माहीत असायला हवे.

सुमारे दोन दिवसांनी पिल्लाला खोल समुद्रात नेण्यात यश आले. आईच्या दुधावर वाढणारा जीव, आणि आई सोबत नव्हती. काही तासांतच ते पुन्हा किनाऱ्याला लागले, मृतावस्थेत.