काट्याचा आकडा आणि डोक्यावरचा भार

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत सुरक्षा प्रशिक्षणासाठी गेलो होतो. पाच टनांची ओव्हरहेड क्रेन, तिच्या हुकला तीन टनांचा जुना काटा आणि त्याखाली पंपाच्या बॉडीचे मोठे कास्टिंग. काट्यावरचे आकडे बारीक, त्यात काच धुरकटलेली. त्यामुळे हेल्पर थेट कास्टिंगखाली जाऊन मान वर करून वजन वाचत होता आणि बाहेर उभ्या कारकुनाला ओरडून सांगत होता. मी त्याला बाजूला घेतले तर तो हसून म्हणाला, "काय न्हाई होत साहेब, रोजचंच हाय."

मालकांना दोन गोष्टी सांगितल्या. त्यातली एक त्यांनी लगेच मान्य केली आणि वायरलेस काटा घेतला. वजन आता हातातल्या छोट्या यंत्रावर दिसते, पंधरा-वीस मीटर लांब उभे राहून वाचता येते. काही महिन्यांनी पुन्हा गेलो. काटा नवा होता, वाचणारा कारकून आपल्या टेबलापाशी सुरक्षित बसला होता. हेल्पर मात्र तिथेच, भाराला हात लावून. आता तो वजन वाचत नव्हता. कास्टिंग झुलू नये, आकडा लवकर स्थिर व्हावा, म्हणून ते धरून उभा होता.

या लेखाचे कारण तेच दृश्य आहे. भंगार, सळई, प्लेट, कास्टिंग यांच्या व्यवहारात वायरलेस क्रेन काटा आता सर्वत्र दिसतो, आणि ते चांगलेच आहे. पण बहुतेक ठिकाणी तो बिलासाठी घेतला जातो आणि बिलाचेच काम करतो. त्याच्यामुळे वाचू शकणारा जीव वाचवायचा तर त्याच्याकडे मोजण्याचे यंत्र म्हणून पाहणे पुरेसे नाही. तो उचलण्याच्या साखळीतला एक दुवा आहे.

आधी आत काय आहे ते पाहू. वरच्या शॅकल आणि खालच्या हुकच्या मधे पोलादाचा एक तुकडा असतो, त्याला लोडसेल म्हणतात. भार लटकला की तो किंचित ताणला जातो. किती? पूर्ण भाराला साधारण हजारात एक भाग. त्यावर चिकटवलेल्या पातळ धातूच्या पट्ट्यांचा विद्युतरोध या ताणाने बदलतो. ताणलेल्या तारेचा रोध बदलतो हे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५६ मध्ये नोंदवले होते. त्यावरून मोजमापाची पट्टी तयार झाली ती १९३८ च्या सुमारास, अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी स्वतंत्रपणे. आजच्या लोडसेलला ५ व्होल्ट दिले तर पूर्ण भाराला त्यातून साधारण १० मिलिव्होल्ट बाहेर येतात. म्हणजे तीन टनांच्या काट्यावर एका किलोमागे व्होल्टचे जेमतेम तीन दशलक्षांश! एवढ्या नाजूक इशाऱ्यावरून आपण लोखंडाच्या गाडीचा हिशेब करतो. म्हणून ओल, उष्णता आणि उतरलेली बॅटरी या काट्याच्या शत्रू आहेत. वेल्डिंग हा त्याहून मोठा शत्रू. क्रेनला लटकलेल्या कामावर वेल्डिंग चालू असेल आणि अर्थिंगची क्लॅम्प त्या कामावर नीट लावलेली नसेल, तर वेल्डिंगचा करंट परतीची वाट शोधत लोडसेलमधून जाऊ शकतो आणि मग तो काटा पुन्हा भरवशाचा राहत नाही. साधा नियम आहे: वेल्डिंग करायचे तर काटा आधी काढून ठेवा.

आता बसवण्याविषयी. शॉप फ्लोअरवर सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य म्हणजे "आपली क्रेन पाच टनांची आहे." असेल. पण तीन टनांचा काटा मधे आला की ती क्रेन तीन टनांची झाली, आणि त्याखाली दोन टनांचा बेल्ट लावला तर दोन टनांची. सर्वांत दुबळा दुवा क्षमता ठरवतो. काट्याचे स्वतःचे वजनही क्रेनच्या हिशेबात धरावे लागते आणि त्याच्या लांबीएवढी हुकची उंची कमी होते, हेही अनेकदा काटा टांगल्यावरच लक्षात येते. 'काटा दीडपट भाराला तुटत नाही' असे विक्रेता सांगतो. ती चुकून झालेल्या चुकीसाठीची राखीव जागा आहे. ती रोज वापरायची नसते. माझ्या मते नेहमीचा भार काट्याच्या क्षमतेच्या पाऊण हिश्श्याच्या वर जात असेल तर मोठा काटा घ्यावा. उलट, फार मोठा घेऊन त्यावर लहान वस्तू तोलणेही चूक. एक किलोची विभागणी असलेल्या नेहमीच्या व्यापारी वर्गाच्या काट्यावर २० किलोंखालचे वजन करायचेच नसते. ती मर्यादा त्याच्या पाटीवर 'मिन' म्हणून लिहिलेली असते आणि ती कोणी वाचत नाही.

टांगताना वरच्या शॅकलची पिन पूर्ण बसली आहे, तिला कॉटर लावली आहे, खालचा हुक मोकळा फिरतो आणि त्याची सेफ्टी लॅच मिटते, एवढे डोळ्यांनी पाहायचे. काटा उभ्या ओळीत ताणण्यासाठी बनवलेला आहे. त्याला लावून गाडीखाली अडकलेली प्लेट तिरकी ओढली की आकडा चुकतो, आणि दुर्दैवाने हुकही वाकतो. नवा काटा आल्या दिवशी हुकच्या तोंडाचे माप घेऊन वहीत लिहून ठेवावे. पुढे ते तोंड उघडू लागले तर तुलना करायला काहीतरी हवे ना!

रेडिओचा भाग वेगळा. काटा आणि हातातले यंत्र यांची जोडी जुळवावी लागते. एकाच शेडमध्ये एकाच कंपनीचे दोन काटे असतील आणि दोन्ही एकाच चॅनेलवर राहिले, तर या क्रेनखालचा माणूस त्या क्रेनचे वजन वाचू शकतो. म्हणून दोन्हींना वेगळे चॅनेल द्यावे, आणि काटा व हातयंत्र या दोघांवर एकच रंग आणि एकच आकडा मोठा रंगवावा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा वायफाय आणि ब्लूटूथही वापरतात. लोखंडी खांब आणि रचलेल्या प्लेटा लहरी अडवतात. संपर्क तुटला तर यंत्र काय करते हे पहिल्याच दिवशी तपासून घ्या. काही यंत्रे सूचना देतात, काहींवर शेवटचा आकडा तसाच राहतो. तपासणे सोपे आहे: हुकवर थोडे वजन ठेवा, यंत्र घेऊन भिंतीआड जा आणि सहकाऱ्याला वजन काढायला सांगा. आकडा हलला नाही तर त्या जागेवरून वाचायचे नाही.

आणि टेअर. या बटणाने जेवढी सोय केली आहे तेवढाच घोटाळाही. समजा लिफ्टिंग बीम आणि साखळ्या मिळून ३५० किलो आहेत. टेअर दाबून ते शून्य केले आणि मग माल उचलला. यंत्र २,९०० दाखवते, तीन टनांच्या आत आहे म्हणून सगळे निश्चिंत. प्रत्यक्षात हुकवर ३,२५० किलो आहेत. चांगले काटे ओव्हरलोडचा इशारा एकूण भारावर देतात हे खरे; पण इशारा वाजेपर्यंत भार हवेत गेलेला असतो. शिवाय हुकला काही लटकत असताना काटा चालू करू नये. काही काटे ठरावीक मर्यादेपर्यंतचे वजन तिथेच शून्य धरतात.

खरे तर वजनाचा अंदाज उचलण्याआधीच हवा. आपल्याकडच्या कुठल्याही बांधकामावर सळईसाठी 'डी स्क्वेअर बाय १६२' तोंडपाठ असलेला सुपरवायझर भेटतो. प्लेटसाठी लांबी, रुंदी, जाडी यांचा गुणाकार आणि घनमीटरला ७,८५० किलो. सहा मीटर लांब, दीड मीटर रुंद, २० मिलिमीटर जाडीची प्लेट म्हणजे १,४१३ किलो. हा हिशेब मोबाईलवर अर्ध्या मिनिटात होतो. काटा त्याची खात्री करण्यासाठी आहे. अंदाज आणि आकडा यांत मोठा फरक आला तर माल खाली ठेवून कारण शोधायचे.

काटा जे सांगत नाही, त्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. दोन पायांची स्लिंग लावून दोन टनांचा माल उचलला तर काटा दोन टन दाखवतो. पण स्लिंगच्या एका पायावर किती ताण आहे हे तो दाखवत नाही. पाय आडव्या रेषेशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकावर सुमारे ११५० किलो येतात, ४५ अंशांत १४१० आणि ३० अंशांत पूर्ण दोन टन. आखूड बेल्ट लावून माल उचलला की कोन पसरतो आणि आकडा तोच राहूनही बेल्ट तुटतो. झटक्याचेही तसेच. ढिली साखळी एकदम ताणली गेली तर क्षणभर स्थिर वजनाच्या दुपटीपर्यंत भार येऊ शकतो, त्याहूनही जास्त. पडद्यावरचा आकडा स्थिर दिसावा म्हणून काटा त्या क्षणांची सरासरी काढतो, त्यामुळे तो झटका कुणाला दिसतही नाही.

म्हणून पद्धत अशी हवी: काटा चालू करून दहा-पंधरा मिनिटे तापू द्यायचा, रिकाम्या हुकवर शून्य पाहायचे. वे-ब्रिजवर वजन केलेला, रंगाने आकडा लिहिलेला एक ओळखीचा ठोकळा शेडमध्ये ठेवून रोज सकाळी तो उचलून बघायचा. माल वीतभर उचलून थांबायचे. झुलणे थांबवायला हात लावायचा नाही, दोरी बांधायची. आकडा स्थिर झाला की निर्णय. आणि वाचायचे यंत्र कारकुनाकडे न ठेवता क्रेनला इशारे देणाऱ्या माणसाच्या हातात द्यायचे. या शेवटच्या मुद्द्यावर मालक मंडळी माझ्याशी वाद घालतात. वजन बिलासाठी हवे, मग यंत्र ऑफिसजवळ का नको, असे त्यांचे म्हणणे. बिलाचा आकडा दोन मिनिटे उशिरा कळला तर काही बिघडत नाही. भार जास्त आहे हे इशारेवाल्याला दोन सेकंद उशिरा कळले तर बिघडते.

वितळलेल्या लोखंडाच्या लॅडलला साधा काटा लावलेला पाहिला की मात्र मी वाद घालत नाही, काम थांबवायला सांगतो. नेहमीच्या काट्यातली इलेक्ट्रॉनिक्स साधारण ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी जुळवलेली असतात. लॅडलसाठी उष्णतारोधक आवरणाचे वेगळे काटे मिळतात.

आता कायद्याचे. व्यवहारासाठी वापरायच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वैध मापन कायद्याखाली दरवर्षी पडताळणी होते आणि शिक्का बसतो. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. तो शिक्का वजन बरोबर असल्याचा आहे. हुकला तडा नाही, शॅकल झिजलेली नाही, याबद्दल तो काहीच बोलत नाही. उचलण्याच्या साधनांसाठी १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम २९ घातले गेले: सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून किमान एकदा सखोल तपासणी, नोंदवही, सुरक्षित भार ठळक लिहिलेला. त्यात 'लिफ्टिंग टॅकल' म्हणून साखळी, स्लिंग, हुक, शॅकल यांची नावे आहेत. काट्याला हुकही आहे आणि शॅकलही. तरीही मी पाहिलेल्या बऱ्याच नोंदवह्यांत क्रेन असते, साखळ्या असतात, बेल्टही असतात आणि काटा नसतो. का, असे विचारले की उत्तर ठरलेले: "त्याला शिक्का आहे की." मोजमापवाले त्याला काटा म्हणून तपासतात, सुरक्षेवाले तो काटा आहे म्हणून सोडतात. माझे मत स्पष्ट आहे. शिक्का नूतनीकरणासाठी काटा खाली उतरतोच, त्याच दिवशी हुक आणि शॅकलची तपासणी करून घ्यावी आणि दोन्ही कागद एका फाईलला लावावेत. सरकारनेही एकाशिवाय दुसरा कागद मान्य करू नये. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, दोन खात्यांनी एकमेकांचा कागद मागितला तरी पुरे.

बिलाच्या अचूकतेबद्दल मात्र आपण किती जागरूक असतो! गुरुत्वाकर्षण जागेनुसार बदलते. बीजिंगमध्ये जुळवलेला तीन टनांचा काटा कोल्हापुरात फेरजुळणी न करता वापरला तर पूर्ण भाराला पाच-सहा किलो कमी दाखवील. हे एका बैठकीत सांगितल्यावर तीन मालकांनी त्याच संध्याकाळी काट्याच्या डीलरला फोन केला. हुकच्या तोंडाचे माप घ्यायचे मी त्याच बैठकीत सांगितले होते. त्याची चौकशी करणारा फोन एकच आला, आणि तो मालकाचा नव्हता. त्या पहिल्या फाउंड्रीतल्या हेल्परचा होता. "साहेब, माप कुटनं कुटपर्यंत घ्यायचं म्हणालासा?"