'कुशल' या शब्दाचे दोन अर्थ

'कौशल्य' हा शब्द आज प्रमाणपत्रापुरता उरला आहे. त्याचे मूळ 'कुशल'. कुश हे धारदार पात्याचे गवत. हाताला इजा होऊ न देता ते कापून आणणारा तो कुशल, अशी परंपरागत व्युत्पत्ती आहे. बांबूच्या कामट्या सोलणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील बुरूड कारागिराला ती समजावून सांगावी लागणार नाही.

पाली वाङ्मयात मात्र 'कुसल' म्हणजे हितकर, निर्मळ कर्म. अलोभ, अद्वेष व अमोह ही त्याची तीन मुळे. हात कितीही सफाईदार असो, मनात लोभ असेल तर ते कर्म अकुशलच.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. विद्येसोबत शील हवे, हा त्यांचा आग्रह सर्वश्रुत आहे. गुणपत्रिका 'कुशल'चा पहिलाच अर्थ मोजते. वसतिगृहात मोठा विद्यार्थी धाकट्याला गणित समजावतो, आजारी सोबत्याजवळ रात्र जागतो, त्याची नोंद कोठे होते? निवासी शाळेने ती ठेवलीच पाहिजे; कारण दुसरा अर्थ मुले वर्गापेक्षा तेथेच अधिक शिकतात.