वरच्या वर्गाची जागा आणि पायांची हालचाल

दिघोरीसारख्या गावांतूनही आता आईवडील परदेशी असलेल्या लेकरांकडे जातात. मुलगा म्हणतो, ‘बाबा, माझ्याकडे विमान कंपनीचे पॉइंट्स साठलेत, तुमची जागा बिझनेस क्लासमध्ये करून देतो.’ ती अवश्य घ्यावी. मुंबईहून अमेरिकेच्या थेट विमानात 15-16 तास काढायचे असतात. तेथे बहुधा आडवे होता येते, दुखऱ्या गुडघ्यांना विसावा मिळतो. मात्र पॉइंट्स असूनही जागा शिल्लक असावी लागते आणि काही स्वस्त तिकिटांवर ही सोय नसते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच चौकशी करावी.

तथापि एक गैरसमज नको. 4 तासांहून अधिक काळ एकाच जागी बसून राहिल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. त्याला ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ म्हणत असले, तरी गुठळी तिकिटाचा वर्ग पाहत नाही. पॉइंट्स अपुरे पडले तर खंत करू नये. खिडकीऐवजी मधल्या वाटेलगतची जागा मागावी, अधूनमधून उठून चालावे, बसल्या जागी घोटे हलवावेत. पाण्याचे पथ्य नसल्यास, लघवीला उठावे लागेल म्हणून पाणी टाळू नये.

पूर्वी गुठळी झालेल्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी वा कर्करोगावर उपचार घेणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. प्रवासानंतर काही आठवड्यांतही एकच पाय सुजला वा दुखू लागला, तर त्याच दिवशी दाखवावे. अचानक धाप लागली वा छातीत दुखले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.